ऑफर मान्य झाली, घर अजून झालेलं नाही: इंग्लंडमध्ये घर घेताना

महाराष्ट्रात घर पसंत पडलं की विसार देतात, मग साठेखत होतं, ते रजिस्टर होतं आणि त्यानंतर विकणाऱ्याला सहजासहजी पाठ फिरवता येत नाही. इंग्लंडमध्ये घर शोधणारा मराठी माणूस नकळत हाच क्रम डोक्यात घेऊन बसलेला असतो. एस्टेट एजंटचा फोन येतो, "ऑफर ॲक्सेप्ट झालीय", आणि त्याच संध्याकाळी नाशिकला, सांगलीला, बोरिवलीला फोन जातात. मावशी मुहूर्त विचारते.

कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी काहीच घडलेलं नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराचा करार लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा असल्याशिवाय तो करारच धरला जात नाही. १९८९ च्या कायद्यात हे स्पष्ट आहे. सह्या केलेल्या प्रतींची दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर (घराचे कागद बघणारे वकील) आपसात अदलाबदल करतात, ते एक्स्चेंज. ऑफर मान्य झाल्यापासून तिथपर्यंत पोचायला सहसा तीन-चार महिने लागतात, कधी सहा. तेवढा सगळा काळ विकणारा एका ईमेलने मागे फिरू शकतो, तुम्हीही फिरू शकता, आणि कुणी कुणाला भरपाई देणं लागत नाही. दर तीन-चार व्यवहारांमागे एक असाच मधल्या मधे फिसकटतो. म्हणून एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी व्यवहार कोसळला तरी झेपेल एवढंच पणाला लावायचं, हा पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागचा हिशेब आहे. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. एडिंबरातल्या मित्राचा सल्ला रेडिंगमध्ये चालत नाही.)

पहिली पायरी: पुण्याचा फ्लॅट आठवा

घरं बघायला लागण्याआधी नवरा-बायकोने बसून एकच प्रश्न सोडवायचा: जगात कुठेही, कुणाच्याही बरोबर, आपल्या नावावर घर आहे का? कधी होतं का? वडिलांनी हौसेने तुमचं नाव लावलेला कोथरूडचा फ्लॅट, आजोबांच्या पश्चात वारसाने आलेला हिस्सा, लग्नाआधी बायकोने घेतलेला वन बीएचके, सगळं यात येतं. हे आधी कळलं नाही तर महिनोन्महिने मांडलेलं बजेट सॉलिसिटरच्या एका फॉर्मवर कोसळतं.

याचं कारण स्टॅम्प ड्यूटी. १ एप्रिल २०२५ पासूनचे इंग्लंडमधले दर असे: पहिल्या १,२५,००० पाउंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, पुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, त्यावर १० आणि १५ लाखांपुढे १२ टक्के. आयुष्यातलं पहिलंच घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत काही नाही आणि तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत पाच लाखांच्या वर गेली की ही सवलत पूर्णच जाते. आणि ज्यांच्याकडे आधीच दुसरं घर आहे त्यांना ३१ ऑक्टोबर २०२४ पासून संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा भरावे लागतात.

४,२०,००० पाउंडांचं घर धरा. पहिलंच घर असेल तर ६,००० पाउंड. आधी कधी घर होतं पण आता नाही, तर ११,०००. पुण्याचा फ्लॅट अजून नावावर आहे, तर ३२,०००. घर तेच, रस्ता तोच.

यातले तीन बारकावे आपल्या लोकांना हमखास नडतात. पहिला: पहिल्या घराची सवलत जोडीने घेताना दोघांनाही लागू असावी लागते, एकाच्या नावावर पूर्वी कधी घर होतं तर दोघांचीही जाते. दुसरा: नवरा-बायको एकत्र राहत असतील तर जादा ५ टक्क्यांसाठी दोघांची घरं मिळून मोजतात. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे आणि इथलं घर फक्त नवऱ्याच्या नावावर घेऊ, ही युक्ती चालत नाही. तिसरा: तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पाउंडांच्या खाली असेल तर तो हिस्सा या जादा करासाठी धरत नाहीत, शिवाय गेल्या तीन वर्षांत वारसाने आलेला, निम्म्यापर्यंतचा हिस्साही सोडून देतात. पण "पहिलं घर" ही ओळख मात्र वारसाच्या हिश्शानेही जाते.

जादा कर लागतो की नाही हे कम्प्लिशनच्या, म्हणजे उरलेले पैसे देऊन किल्ली मिळण्याच्या, दिवसाअखेर तुमच्याकडे काय आहे यावर ठरतं. त्याआधी पुण्याचा फ्लॅट विकला असेल तर तो भार टळतो. मात्र घाईने बक्षीसपत्र करून फ्लॅट भावाच्या नावावर टाकण्याआधी दोन्ही देशांतल्या कर सल्लागारांशी बोला. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा कुणाचातरी अनुभव इथे पुरेसा नाही. नुकतेच आला असाल तर आणखी एक: खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान १८३ दिवस तुम्ही या देशात राहिलेले नसाल तर २ टक्के अजून वर चढतात.

लाइफटाइम आयसा या सरकारी मदतीच्या बचत खात्यालाही पहिल्याच घराची अट आहे. वर्षाला ४,००० पाउंडांपर्यंत भरा, सरकार २५ टक्के वर घालतं, घराची मर्यादा ४,५०,०००. पण जगात कुठेही घर असेल किंवा पूर्वी कधी होतं तर ते पैसे घरासाठी वापरता येत नाहीत, आणि तसे काढले तर २५ टक्के कापून घेतात, म्हणजे सरकारने घातलेल्यापेक्षा जास्तच जातं.

दुसरी पायरी: पैसा कुठून आला हे कागदावर दाखवा

इथल्या सॉलिसिटरवर मनी लाँडरिंगच्या कायद्याचं बंधन आहे. डिपॉझिटचा प्रत्येक मोठा पैसा कुठून आला हे तो विचारणारच, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. इथला पगार साठवला असेल तर सहा महिन्यांची स्टेटमेंट दाखवून सुटता येतं. भारतातून पैसा येणार असेल तर माग लांब असतो: एफडी मोडल्याची पावती, ती एफडी ज्यातून झाली ते खातं, तिथून इथपर्यंतची ट्रान्स्फर. वडिलांनी शेत विकून पैसे दिले असतील तर खरेदीखत लागेल, आणि ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. हे जमवायला महिना जातो, म्हणून ऑफर देण्याआधी सुरुवात करा.

आईवडील मदत करणार असतील तर बँक आणि सॉलिसिटर दोघांनाही भेटपत्र लागतं: हे पैसे परत मागणार नाही आणि घरात आमचा हक्क नाही, असं त्यांनी सही करून द्यायचं. सत्तरीतल्या माणसाला हे वाक्य बोचू शकतं. त्यामागचं कारण आधी नीट समजावून सांगा. बँकेला घरावर आपल्याखेरीज कुणाचा दावा नको असतो, एवढंच. भारतातून निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या भेटीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आयकर) आगाऊ कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. वडिलांच्या खात्यात तेवढी जास्तीची रक्कम आहे का, हे पाठवायच्या दिवशी कळू नये. तुमचेच पैसे भारतातल्या एनआरओ खात्यातून आणायचे असतील तर सीएचं प्रमाणपत्र लागेल. मार्चअखेरीला सीए मंडळी फोन उचलत नाहीत, हेही धरून चाला.

तिसरी पायरी: मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज

भारतातला सिबिल स्कोअर इथे कुणी बघत नाही. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्थांकडची तुमची फाइल बघतात. ती सुधारण्याचा एक फुकटचा मार्ग अनेकांना माहीत नसतो: भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले असल्याने, इथे राहायचा परवाना असेल तर त्यांना मतदार यादीत नाव नोंदवता येतं. पत्ता पडताळायला बँका तीच यादी वापरतात. आल्या आल्या नाव घाला.

कर्ज साधारण वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटीपर्यंत मिळतं. आयएलआर (कायम राहायचा परवाना) झालेल्याला बहुतेक बँका इथल्या माणसासारखंच वागवतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर मात्र प्रत्येक बँकेचं गणित वेगळं: कुणाला जास्त डिपॉझिट हवं, कुणाला व्हिसाची ठराविक मुदत शिल्लक हवी, कुणाला इथे आल्याला वर्ष-दोन वर्षं झालेली हवीत. म्हणून सगळ्या बाजारातून शोधणारा ब्रोकर घ्या आणि त्याचं नाव एफसीए या वित्तीय नियामकाच्या रजिस्टरवर तपासा. एजंटच्या ऑफिसात बसलेला ब्रोकरच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, कितीही सुचवलं तरी.

घरं बघण्याआधी ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल काढून ठेवायचं. ते बँकेचं वचन नव्हे, प्राथमिक अंदाज आहे, पण त्याच्याशिवाय एजंट तुम्हाला गंभीरपणे घेत नाही. एजंटला दाखवताना तुम्ही देत असलेल्या ऑफरपुरत्याच रकमेचं दाखवा. बँक तुम्हाला आणखी पन्नास हजार द्यायला तयार आहे हे विकणाऱ्याच्या माणसाला कळण्याची गरज नाही.

अर्ज केल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत नवी गाडी फायनान्सवर घ्यायची नाही, नोकरी बदलायची नाही, क्रेडिट कार्डावर सोफा तर नाहीच. बँक शेवटच्या आठवड्यातही पुन्हा तपासू शकते. मॉर्गेज ऑफरची मुदत तीन ते सहा महिने असते. लांबलेल्या व्यवहारात ती संपत आली की नव्या दराने नवी ऑफर घ्यावी लागू शकते. २३ सप्टेंबर २०२२ च्या मिनी-बजेटनंतर बँकांनी शेकडो योजना रातोरात मागे घेतल्या होत्या. ज्यांची ऑफर हातात होती ते तरले, ज्यांनी "पुढच्या आठवड्यात अर्ज करू" म्हटलं होतं त्यांचे हप्ते कुठल्या कुठे गेले. दर चांगला दिसला की पकडून ठेवा. नंतर उतरला तर कम्प्लिशनआधी बदलून देतात का, हे ब्रोकरला विचारा. बऱ्याचदा देतात.

चौथी पायरी: बघणं आणि ऑफर

एस्टेट एजंट विकणाऱ्याचा नोकर आहे. तो चहा विचारेल, मुलाला खाऊ देईल, तरी फी त्याला विकणारा देतो. हे लक्षात ठेवून त्याच्याकडून माहिती मात्र भरपूर काढायची. विकणारे कुठे जाणार आहेत, त्यांना पुढचं घर मिळालंय का? घर किती दिवस बाजारात आहे? आधी कुणाशी ठरून मोडलं का, आणि का? मालक वारले असतील तर प्रोबेट (त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था लावायची कोर्टाची परवानगी) मिळालंय का? शेवटचा प्रश्न विसरू नका. प्रोबेट नसेल तर ते येईपर्यंत व्यवहार पुढे सरकत नाही, आणि त्याला किती महिने लागतील हे कुणाच्याच हातात नसतं.

शेजारची घरं कितीला गेली हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत फुकट दिसतं. पुराचा धोका आणि ईपीसी (ऊर्जा वापराचा दाखला) सरकारी साइटवर बघता येतात. घर संध्याकाळी एकदा आणि पावसात एकदा बघा. भिंतीचा ओलावा आणि शेजाऱ्यांच्या गाड्या दोन्ही तेव्हाच दिसतात. आपल्याकडे पूर्वेचं दार शोधतात आणि इंग्रज माणूस दक्षिणेची बाग. दक्षिणेला बाग म्हणजे दार बहुधा उत्तरेला. वास्तूचा फार आग्रह धरलात तर आधीच तुटपुंज्या बाजारातली निम्मी घरं बाद होतील. मी स्वतः उन्हाच्या बाजूने आहे, नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत कळते.

फ्लॅट असेल तर तो सहसा लीजहोल्ड असतो, म्हणजे ठराविक वर्षांचा हक्क. लीज ८० वर्षांच्या जवळ आलं असेल तर सावध व्हा: त्याखाली गेलं की वाढवून घेणं खूप महाग पडतं. ते बदलणारा २०२४ चा कायदा मंजूर झाला असला तरी त्यातली बरीच कलमं टप्प्याटप्प्यानेच लागू होत आहेत, म्हणून सॉलिसिटरला आजची स्थिती विचारा. सर्व्हिस चार्जची तीन वर्षांची बिलं मागा. उंच इमारत असेल तर बाहेरच्या आवरणाचं काय, हे विचाराच. १४ जून २०१७ च्या लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर अनेक इमारतींत ईडब्ल्यूएस-वन (बाहेरच्या भिंतींच्या आगीच्या सुरक्षेचा) फॉर्मशिवाय बँका कर्ज देईनाशा झाल्या आणि हजारो माणसं न विकता येणाऱ्या फ्लॅटांत अडकली. नव्या वसाहतीतलं घर फ्रीहोल्ड (कायमच्या मालकीचं) असलं तरी रस्ते आणि बागांसाठी दरवर्षी खासगी कंपनीला पैसे द्यावे लागतात का, हे बघा. मिल्टन कीन्स किंवा स्विंडनच्या नव्या घरांकडे आपली आयटीतली मंडळी ओढली जातात, आणि हा खर्च कळतो तो शिफ्ट झाल्यावर.

ऑफर ईमेलवर द्या. रकमेबरोबर तुमची ताकदही लिहा: भाड्याने राहतो, विकायचं घर नाही, मॉर्गेज तयार आहे, सॉलिसिटर ठरलाय. पाच हजार जास्त देणाऱ्या, पण स्वतःचं घर अजून विकायचं असलेल्या माणसापेक्षा शहाणा विकणारा तुम्हाला पसंत करतो. आणि एक अट स्पष्ट घाला: ऑफर मान्य झाल्यास घर बाजारातून काढावं, नवीन माणसांना दाखवणं थांबवावं.

पाचवी पायरी: मधले महिने

खरा ताण इथला आहे. इथे कामं बरीच चालू असतात आणि त्यातलं जवळपास काहीच तुम्हाला दिसत नाही.

सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरांच्या व्यवहारांचंच काम करणारा) निवडताना एजंटने सुचवलेलं नाव डोळे झाकून घेऊ नका. त्यामागे अनेकदा कमिशन असतं. तो तुमच्या बँकेच्या मान्य वकिलांच्या पॅनेलवर आहे का, तुमच्या फाइलवर नेमकं कोण काम करणार, ती व्यक्ती सुट्टीवर गेली तर कोण, व्यवहार मोडला तर फी किती, हे चार प्रश्न विचारा. दोनशे पाउंड वाचवायला ईमेललाच उत्तर न देणारी फर्म घेतली, तर तीच बचत पुढे भाड्याच्या एका जादा महिन्यात जाते.

खर्चाचा क्रम महत्त्वाचा. एजंटकडून मेमोरँडम ऑफ सेल (ठरलेल्या व्यवहाराची नोंद) आलं की मॉर्गेजचा अर्ज लगेच. विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडून कराराचा मसुदा आला, म्हणजे ती बाजू खरोखर हलली, की सर्व्हे. सर्व्हेतून घर ठीक निघालं की सर्च (घराबद्दलच्या नोंदींची तपासणी). सगळं पहिल्याच दिवशी सुरू केलं तर वेळ वाचतो खरा, पण मोडलं तर हजार-पंधराशे पाउंड पाण्यात. शाळेची तारीख वगैरे डोक्यावर असेल तरच ती जोखीम घ्या.

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. ते बँकेसाठी असतं, कधीकधी कुणी घरात न येताच होतं. तुमच्यासाठी आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेचा सर्व्हेयर लागतो. साधं, चाळीस-पन्नास वर्षांतलं घर असेल तर लेव्हल टू (मध्यम खोलीचा सर्व्हे) पुरतो. व्हिक्टोरियन टेरेस, १९३० च्या दशकातलं वाढवलेलं घर किंवा काहीही विचित्र दिसलं तर लेव्हल थ्री (सगळ्यात सखोल). रिपोर्ट आला की लाल रंगाच्या नोंदी बघून झोप उडते. तेव्हा रिपोर्ट बाजूला ठेवून सर्व्हेयरला फोन करा आणि विचारा, "तुम्ही स्वतः हे घर घेतलं असतं का, आणि घेतलं असतं तर आधी कशावर खर्च केला असता?" कागदावर हात राखून लिहिणारा माणूस फोनवर बराच मोकळा बोलतो. घाबरायचं ते खचणाऱ्या पायाला, छताच्या आतून मारलेल्या स्प्रे फोमला आणि जपानी नॉटवीड या चिवट तणाला, कारण यांच्यावर बँका अडतात. जुनी वायरिंग, गळकं गटार, थोडी ओल ही भाव कमी करून घ्यायची कारणं आहेत. आणि ओलीची "फुकट तपासणी" करून लगेच तिचा उपाय विकणाऱ्या कंपनीचं मत स्वतंत्र मत म्हणून धरू नका.

सर्च म्हणजे काउन्सिल (स्थानिक पालिका), पाणी-ड्रेनेज आणि पर्यावरण यांच्या नोंदी तपासणं. डरहॅम, नॉटिंगहॅमशर, यॉर्कशरसारख्या भागांत जुन्या कोळसा खाणींचीही. काही काउन्सिलं चार दिवसांत उत्तर देतात, काही अनेक आठवडे घेतात. विकणाऱ्यानेच हा माहितीचा गठ्ठा आधी तयार ठेवावा अशी सक्ती सरकारने २००७ मध्ये आणली होती आणि २०१० मध्ये गुंडाळली. त्यामुळे तुमच्याआधी तीन जणांनी याच घरासाठी केलेले सर्च तुम्ही चौथ्यांदा, स्वतःच्या पैशाने करता.

त्यातून आणि विकणाऱ्याने भरलेल्या टीए-सिक्स या घराच्या माहितीच्या फॉर्ममधून प्रश्न निघतात, त्यांना एन्क्वायरी म्हणतात. खिडक्या २००२ नंतर बदलल्या तर फेन्साचं (खिडक्या नियमांनुसार बसवल्याचं) प्रमाणपत्र कुठे? वरच्या मजल्यावरची खोली बिल्डिंग रेग्युलेशनमध्ये पास झाली होती का? कागद सापडत नसेल तर बऱ्याचदा विकणाऱ्याच्या खर्चाने इन्डेम्निटी विमा (पुढे त्यावरून नुकसान झालं तर भरपाई देणारा) काढून विषय मिटवतात. अशा वेळी हौसेने स्वतः काउन्सिलला फोन करून "ही खोली कायदेशीर आहे का?" असं विचारू नका, काउन्सिलला खबर लागली की तो विमाच मिळत नाही. मात्र कागद नसलेली खोली बेडरूम म्हणून पैसे मोजून घेऊ नका, विमा छत सांभाळत नाही.

आता चेन. तुम्ही ज्यांचं घर घेताय ते दुसरं घर घेतायत, त्यांचा विकणारा तिसरं. सगळ्यांचं एक्स्चेंज एकाच दिवशी होतं, म्हणून सगळ्यात मंद सॉलिसिटर सगळ्यांचा वेग ठरवतो. तुमचा सॉलिसिटर फक्त पलीकडच्या सॉलिसिटरशी बोलतो. वरच्या टोकाला काय चाललंय हे त्यालाही कळत नाही. एजंट मात्र चेनमधल्या सगळ्या एजंटांना फोन करू शकतो, आणि त्याची फी कम्प्लिशन झाल्यावरच मिळत असल्याने या टप्प्यावर त्याचा आणि तुमचा स्वार्थ एक होतो. दर बुधवारी त्याला फोन करायचा आणि "काही कळलं का?" ऐवजी नेमकं विचारायचं: या घडीला कोण कुणाच्या कोणत्या कागदासाठी थांबलंय? उत्तर तारखेसह वहीत लिहा. सॉलिसिटरला रोज ईमेल नको. आठवड्यातून एक, प्रश्नांना क्रमांक घालून. घरातून फोन करणारा माणूस एकच असावा. दोघांनी दोन बाजूंनी विचारलं की दोन उत्तरं येतात आणि भांडण घरात होतं.

या महिन्यांत काही गोष्टी करायच्याच नाहीत. भाड्याच्या घराची नोटीस द्यायची नाही. पडदे मापायचे नाहीत. भारतात फक्त "बघतोय" एवढंच सांगायचं, नाहीतर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आणि ताण दुप्पट होतो. मूल इथल्या सहावीत (इयर सिक्स) असेल तर सेकंडरी शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्या वर्षाला) जाणारं असेल तर १५ जानेवारीपर्यंत. नव्या पत्त्यासाठी बऱ्याच काउन्सिलांना एक्स्चेंज झाल्याचा पुरावा लागतो. नुसती मान्य झालेली ऑफर चालत नाही. स्लाऊमध्ये किंवा बकिंगहॅमशरमध्ये ग्रामर (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी) शाळेसाठीच घर घेत असाल तर त्या काउन्सिलचा नियम आधी वाचा आणि उलटं गणित मांडून वसंतातच घरं बघायला लागा.

मोडायला लागलं तर

तुमची ऑफर मान्य केल्यावर दुसऱ्याची जास्तीची घेणं, म्हणजे गॅझम्पिंग, इथे कायदेशीर आहे. चीड येते, पण एजंटशी भांडून उपयोग नाही. नवी ऑफर विकणाऱ्याला कळवणं त्याला कायद्यानेच भाग आहे. उत्तर देण्याआधी एक रात्र जाऊ द्या आणि सुरुवातीला ठरवलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. तो आकडा घर बघण्याआधी लिहून ठेवला असेल तरच हे जमतं. सर्च-सर्व्हेचा खर्च भरून देणारा विमा मिळतो, साठ-सत्तर पाउंडांचा. चेन लांब असेल तर तो घेण्यासारखा आहे.

दुसरा धक्का व्हॅल्युएशनचा. ठरलेली किंमत ४,२०,००० आणि बँक म्हणते ४,००,०००. दहा टक्के डिपॉझिट धरून तुम्ही ४२,००० काढून ठेवलेत. आता बँक ३,६०,००० च देणार, म्हणजे तुम्हाला ६०,००० लागतील. विकणाऱ्याला तो रिपोर्ट दाखवून भाव खाली आणायचा प्रयत्न करा, मधला आकडा काढा, ब्रोकरला दुसरी बँक बघायला सांगा. पण वरचे १८,००० मित्रांकडून उसने आणून भरणं टाळा, सॉलिसिटर त्याचाही उगम विचारेल.

उलट बाजूने, एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी कारण नसताना भाव पाडून मागणारे खरेदीदारही असतात. कायद्याने चालतं. मला ते ओंगळ वाटतं, आणि चेनमधली इतर कुटुंबं त्यात भरडली जातात.

एक्स्चेंज आणि किल्ली

एक्स्चेंजच्या आधी ठरवा: जोडीने घेताना जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन? पहिल्यात एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचं होतं. दुसऱ्यात प्रत्येकाचा ठराविक हिस्सा असतो आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाच्या आईवडिलांनी मोठी रक्कम घातली असेल तर दुसरा पर्याय सॉलिसिटरशी बोलून बघा.

साधारण दहा टक्के रक्कम सॉलिसिटरच्या खात्यात जाते. ही सगळ्यात धोक्याची घडी, कारण चोर ईमेल वाचत बसलेले असतात आणि ऐनवेळी "आमचं बँक खातं बदललंय" असा हुबेहूब ईमेल पाठवतात. खाते क्रमांक सुरुवातीलाच, तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून पडताळा. आधी एक पाउंड पाठवून तो पोचल्याची तोंडी खात्री करा, मग उरलेले.

एक्स्चेंज झालं की कम्प्लिशनची तारीख पक्की आणि आता माघार घेतली तर डिपॉझिट जातं. घराचा विमा त्याच दिवसापासून चालू करा, कारण सहसा जोखीम तिथूनच तुमच्यावर येते, किल्ली मिळालेली नसली तरी. भाड्याची नोटीस आता द्या. पेढेही आता.

कम्प्लिशनला जमेल तर शुक्रवार टाळा: त्या दिवशी सगळा देश घर बदलत असतो आणि पैसे अडकले तर सोमवारपर्यंत सामान व्हॅनमध्ये. मुहूर्त गाठायचा असेल तर तो गृहप्रवेशाचा गाठा. किल्ली पैसे पोचल्यावरच मिळते आणि ती वेळ कुणाच्या पंचांगात बसत नाही. होम करणार असाल तर स्मोक अलार्म कुठे आहेत ते आधी बघून ठेवा.

किल्ली घेतल्यावर मीटरचे फोटो, काउन्सिल टॅक्सला पत्ता, कुलपांचे सिलिंडर बदलणं. स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न चौदा दिवसांत सॉलिसिटर भरतो. तो आकडा पहिल्या पायरीतल्या उत्तरावर ठरलेला असतो, म्हणून सही करण्याआधी वाचा. लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढायला कित्येक महिने लागू शकतात, त्यात काळजीचं काही नाही. नाव चढलं की रजिस्टरची प्रत उघडून स्पेलिंग तपासा, मधलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल आपल्या बाबतीत बऱ्याचदा होते. आणि लँड रजिस्ट्रीच्या प्रॉपर्टी अलर्ट या फुकटच्या सेवेत घर नोंदवून ठेवा. त्याच्या नोंदीत कुणी काही बदलायला गेलं की तुम्हाला ईमेल येतो.